रानात फासकी दिसली तर

जनावर पकडायला रानात लावलेल्या तारेच्या फासाला आमच्याकडे फासकी म्हणतात, घाटावर फास. मोटारसायकलची जुनी क्लचवायर असते. एका टोकाला सरकता वळसा, दुसरं टोक झाडाच्या बुंध्याला नाहीतर जमिनीत ठोकलेल्या खुंट्याला बांधलेलं. गॅरेजच्या दारात भंगारात पडलेली असते तीच ही तार. रानाच्या वाटेवर ती एकदा लावली आणि लावणारा घरी गेला की तिच्यावर कुणाचाच ताबा उरत नाही. डुक्कर आलं काय, बिबट्या आला काय, गावातला कुत्रा आला काय, ती आवळणारच. पीक कापून शेत मोकळं झालं तरी ती तिथेच.

मी सिंधुदुर्गात वनरक्षक होतो. ३१ वर्षं नोकरी झाली, त्यातली बरीचशी सह्याद्रीच्या पायथ्याच्या बीटांवर (बीट म्हणजे एका वनरक्षकाकडे सोपवलेला जंगलाचा भाग). निवृत्त झालो तरी आठवड्यातून दोनदा रानात जातो. पक्षी बघायला येणारी मुलं, पावसाळ्यात अळंबी काढायला जाणाऱ्या बायका, ट्रेकवाले, सगळे मला एकच गोष्ट विचारतात: तार दिसली तर करायचं काय? प्रत्येकाला वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवतो.

आधी एक सकाळ सांगतो, कारण माझं पुढचं सगळं बोलणं तिथूनच आलं आहे.

माघाचा महिना होता. भात कापून तीन महिने झालेले, शेतं उघडी पडलेली. गुराख्याचा निरोप आला की गडग्याजवळ वाघ ओरडतोय. आमच्याकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात. मी पोचलो तेव्हा ओरडणं थांबलं होतं. राखीव वन आणि शेत यांच्यामध्ये जांभ्या दगडाचा गडगा, म्हणजे दगड रचून केलेलं कुंपण, गडग्याला एक फट, आणि फटीच्या अलीकडे ऐनाच्या झाडाखाली एक मादी पडलेली. तार कंबरेला होती. डुकरासाठी केलेला वळसा बिबट्याच्या डोक्या-खांद्यांवरून सहज पार होतो आणि कंबरेशी आवळतो, हे मी त्या दिवशी शिकलो. तार पोचत होती तेवढ्या गोलात जमीन हातभर खरवडलेली, ऐनाची साल नखांनी सोलून आतला लालसर गाभा दिसत होता. ती माझ्याकडे बघत होती, पण उठत नव्हती. डॉक्टर साडेअकराला आले. भुलीचं इंजेक्शन दिलं, तार कापली, तेव्हा ती कातडीत बोटभर रुतलेली निघाली. तिसऱ्या दिवशी मादी पिंजऱ्यातच मेली. शवविच्छेदनात आतडी काळी पडलेली दिसली.

आम्ही आरोपी शोधायच्या आधीच संध्याकाळी एक शेतकरी आपल्या पायांनी आला. पन्नाशीचा माणूस, हात जोडून उभा. "साहेबांनू, ही एक काढूक इसारलंय." भात वाचवायला त्याने भाद्रपदात सात तारा लावल्या होत्या. कापणी झाल्यावर सहा काढल्या. सातवीचा त्याला विसर पडला. गुन्हा दाखल झाला, व्हायलाच हवा होता. पण तो माणूस खोटं बोलत नव्हता. त्यानंतरच्या वर्षांत मी ज्या तारा काढल्या, त्यांतल्या पुष्कळशा अशाच होत्या, गंज चढलेल्या, कुणी परत बघायलाही न आलेल्या.

रिकामी तारसुद्धा गुन्हाच

हे आधी डोक्यात पक्कं बसू द्या, कारण गावात सर्रास ऐकू येतं की "अजून काय अडकलं नाही, मग गुन्हा कसला?" वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये शिकारीची जी व्याख्या आहे तिच्यात मारणं आलं, विष घालणं आलं, फासात किंवा सापळ्यात पकडणं आलं आणि या सगळ्याचा प्रयत्नही आला. तार लावली तिथेच प्रयत्न झाला. शेत स्वतःचं असलं तरी सुटका नाही. राखीव वनात सापळा किंवा फास लावणं भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ मध्येही येतं. बिबट्या, वाघ, अस्वल असे पहिल्या अनुसूचीतले प्राणी सापडले तर शिक्षा कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सात, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर दंड किमान २५ हजार. माझ्या त्या शेतकऱ्याने वकिलासाठी आंब्याची बाग गहाण टाकली.

केव्हा आणि कुठे बघायचं

फासकी पिकाच्या मागे असते, म्हणून आधी पिकाचा विचार करायचा. गणपतीपासून दिवाळीपर्यंत भात आणि नाचणी, तेव्हा तारा शेताच्या कडेला. फाल्गुन-चैत्रात काजू गळायला लागला की काजूच्या बागांच्या वरच्या अंगाला. वैशाखात व्हाळ, म्हणजे ओढे, आटतात, कोंडीत नाहीतर डबक्यात थोडंसं पाणी उरतं, तेव्हा पाण्याच्या वाटेवर. शिमग्याच्या आधीच्या आठ-दहा दिवसांत मी दर वर्षी जादा फेऱ्या मारायचो. आणि दिवाळीनंतरचा महिना, म्हणजे कापणी झाल्यावरचा, हा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. लावणारा तेव्हा रानाकडे फिरकत नाही आणि विसरलेल्या तारा तेव्हाच सापडतात.

जागा ठरलेल्या असतात. गडग्याची फट पहिली. जनावर उडी मारायचा कंटाळा करतं, जिथे दोन चिरे ढासळले असतील तिथूनच रोज ये-जा करतं. तिथल्या दगडावर चिखल पुसलेला दिसेल, डुकराचे केस अडकलेले दिसतील. दुसरी जागा म्हणजे रानात मध्येच दिसणारी वई. काटक्या, रानमोडीच्या फांद्या, करवंदीचे काटे रचून गुडघाभर उंचीचा आडोसा केलेला असतो, दहा-वीस पावलं लांब, आणि मध्ये एक फट सोडलेली. भर जंगलात, जिथे राखायला काही शेत नाही, तिथे वई कशाला? अशी वई दिसली की थांबा. प्रत्येक फटीत तार असेल असं समजूनच पुढे बघा. तिसरी खूण म्हणजे कमानीसारखी वाकवलेली ओली काठी किंवा रोपटं. वाऱ्याने झाड वाकतं ते एका दिशेला कलतं. माणसाने वाकवलेलं शेंड्याकडून ओढून खाली बांधलेलं असतं आणि सालीवर बांधल्याचा वळ असतो.

तारेचा रंग डोळ्यांना फसवतो. नवी तार चमकते म्हणून कुणी ती चुलीत धरून काळी करतात, आणि एका पावसाळ्यात ती सुकलेल्या वेलीच्याच रंगाची होते. म्हणून मी तार शोधत नाही, वळसा शोधतो. रानात वेली आहेत, पारंब्या आहेत, पण जमिनीपासून वीत-दोन वीत उंचीवर अधांतरी उभा राहिलेला गोल सहसा नसतो. सकाळी आठच्या आत सूर्याकडे तोंड करून चाला. तिरप्या उन्हात त्या गोलाची कड दिसते. दुपारी बाराला तीच तार तुमच्या पायाशी असली तरी दिसणार नाही.

चालायची पद्धत

एकट्याने जाऊ नका. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय शिरणं हाच गुन्हा आहे. आणि राखीव वनात वायरकटर घेऊन फिरताना तुम्हीच सापडलात तर समोरच्याने काय समजायचं? म्हणून आधी त्या बीटच्या वनरक्षकाला भेटा. गावात संयुक्त वन व्यवस्थापन समिती असेल तर तिच्यामार्फत वनक्षेत्रपालांना पत्र द्या: अमुक तारखेला, अमुक जण, अमुक भागात तारा शोधायला जाणार आहोत. पत्र दिलं की बहुतेक वेळा एखादा वनरक्षक किंवा वनमजूर सोबत येतो. तो सोबत असणं हीच तुमची सगळ्यात मोठी सोय.

पाच-सहा माणसं पुरतात. ओळीत, एकमेकांपासून चार-पाच पावलांवर, बोलणं कमी. पुढे बघायचं ते घोट्यापासून गुडघ्यापर्यंतच्या पट्ट्यात. नवीन पोरं झाडांच्या शेंड्यांकडे बघत चालतात, त्यांना हे दोन-तीनदा सांगावं लागतं. हातात एक लांब काठी, ती गवतातून आडवी फिरवत जायची. परत येताना त्याच ओळीने उलटं यायचं. जाताना झुडपाच्या मागे लपलेली तार येताना समोर येते. मी काढलेल्या कितीतरी तारा परतीच्या वाटेवरच सापडल्या आहेत. कुत्रा सोबत नेऊ नका, सगळ्यात आधी अडकतो तोच.

पायात जाड बूट, हातात चामड्याचे मोजे, पिशवीत पक्कड आणि तार कापायचा कटर, एक जाड चादर, पाणी, वही. चादर कशाला ते पुढे सांगतो.

सापडली. आता?

हात लावू नका. पोरं उत्साहात झडप घालून तार उपटतात आणि पुरावा तिथेच संपतो. गाठ कशी मारली आहे, खुंटा कुठल्या लाकडाचा आहे, तारेचं टोक पक्कडीने कापलं की कोयत्याने, शेजारी विडीचं थोटूक पडलं आहे का, हे सगळं वनपालाच्या कामाचं असतं. गाठ तर माणसाच्या सहीसारखी असते. दोन गावांत मिळून दहा तारा लावणारा एकच आहे हे मी एकदा निव्वळ गाठीवरून ओळखलं होतं.

तीन फोटो काढा. एक लांबून, ज्यात झाड, गडगा, वळण अशी ओळखीची खूण येईल. एक चार पावलांवरून, ज्यात तार कशाला बांधली आहे ते दिसेल. एक जवळून, शेजारी काडेपेटी ठेवून, म्हणजे वळशाचा आकार कळतो. फोनमधल्या नकाशावर जागेचं ठिकाण जतन करा. रेंज नसली तरी ते जतन होतं. जवळ वनखात्याचा कक्ष क्रमांक (जंगलाच्या त्या तुकड्याचा नंबर) लिहिलेला दगड असेल तर त्याचा फोटो घ्या. वनरक्षकाला "कक्ष अमुक, व्हाळाच्या वरच्या अंगाला" म्हटलं की तो डोळे मिटून पोचतो. वहीत तारीख, वेळ, सोबत कोण होतं ते लिहा.

मग फोन. वनरक्षकाचा नंबर असेल तर त्याला, नसेल तर वनखात्याच्या १९२६ या मोफत क्रमांकावर. हा क्रमांक आत्ताच फोनमध्ये भरून ठेवा, रानात शोधत बसू नका. वनकर्मचारी येऊन पंचनामा करतील, तार जप्त करतील. तुम्हाला पंच म्हणून सही करायला सांगितलं तर करा. लोक इथे मागे सरतात, कोर्टाच्या चकरा नकोत म्हणून. पण पंचच नसतील तर पुढे केस उभी राहत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

संध्याकाळ झाली, कुणी येऊ शकत नाही, आणि तार रात्रभर तशीच सोडायची तुमची तयारी नाही, असंही होतं. तेव्हा फोनवर वनकर्मचाऱ्याला विचारा. त्याने हो म्हटलं तर बांधलेलं टोक तसंच ठेवून फक्त वळसा पूर्ण आवळून बंद करा. गाठ जागेवर राहते, पुरावा राहतो, आणि रात्री काही अडकत नाही. वाकवलेली काठी असेल तर मात्र तिच्या समोर तोंड नेऊ नका. ती सुटली की डोळा जातो. बाजूने काठीने धक्का देऊन आधी मोकळी होऊ द्या. आणि तार पिशवीत भरून घरी आणू नका, कितीही चांगल्या हेतूने असली तरी. शिकारीचं साधन जवळ का होतं, याचं उत्तर तुम्हाला द्यावं लागेल.

एक सापडली की तिथून निघू नका. एकच फासकी लावणारा माणूस मी पाहिला नाही. त्याच गडग्याला, त्याच वईला दोन्ही बाजूंनी शंभरेक पावलं बघा.

जागेचे फोटो गावाच्या व्हॉट्सअप ग्रुपवर टाकू नका. लावणारा बहुतेक वेळा त्याच ग्रुपमध्ये असतो. त्याला पकडायला झुडपात दबा धरूनही बसू नका. ते तुमचं काम नाही, आणि रात्री बंदूक घेऊन आलेल्या माणसासमोर निःशस्त्र उभं राहण्यात काही शहाणपण नाही.

जनावर अडकलेलं असेल तर

इथे माझी एक चूक सांगतो. नोकरीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी मला एक भेकर सापडलं, मानेला तार. ते इतकं धडपडत होतं की मला बघवेना. जवळ जायची भीती वाटली, म्हणून मी झाडाला बांधलेल्या बाजूने तार कापली. भेकर पळालं. मला हायसं वाटलं. सहा दिवसांनी व्हाळात ते मेलेलं सापडलं. तारेचा दोन हात लांब तुकडा करवंदीच्या जाळीत गुंतलेला आणि वळसा मानेत पार आत गेलेला. झाडाशी ते एक-दोन दिवसांत मेलं असतं, माझ्यामुळे त्याला सहा दिवस लागले. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो: बांधलेलं टोक कधीही आधी कापायचं नाही. वळसा निघाला तरच सुटका झाली.

म्हणून मोठं जनावर, बिबट्या, सांबर, डुक्कर, भेकर, गवा, काहीही असो, तुम्ही सोडवायला जाऊ नका. फोन करा आणि मागे सरा. बिबट्या असेल तर शंभर मीटर तरी. तो अडकलेला आहे असं तुम्हाला वाटतं, पण तार किती लांब आहे आणि किती तुटत आली आहे ते तुम्हाला माहीत नाही. बांधलेल्या बिबट्याने शेवटच्या झटक्यात तार तोडून माणसावर उडी घेतल्याचे प्रसंग घडले आहेत.

तुमचं खरं काम गर्दी थांबवणं. तासाभरात गाव गोळा होतं, पोरं झाडावर चढतात, फोन वर करून चित्रण करतात, कुणी दगड मारतं. प्रत्येक आवाजाला जनावर पुन्हा झटका देतं आणि तार आणखी रुतते. हरणवर्गातलं जनावर तर नुसत्या भीतीने आणि धडपडीने आतून इतकं खचतं की सोडवल्यावर काही तासांनी, कधी काही दिवसांनी मरतं. त्यामुळे वाट दोन्ही बाजूंनी अडवा, लोकांना नजरेआड थांबवा. पोलीस पाटलाला आणि सरपंचाला बोलवा, त्यांचं ऐकतात. पाणी फेकू नका, खायला टाकू नका.

आणि डॉक्टरांनी तार काढल्यावर जनावर उठून उभं राहिलं तर टाळ्या वाजवून "सोडा, सोडा" म्हणू नका. कंबरेच्या तारेने आत काय झालं आहे ते वरून दिसत नाही. माझ्या त्या मादीने दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी प्यायलं होतं. डॉक्टर जनावर ठेवून घेतात ते यासाठीच.

कुत्रा, शेळी, वासरू असं पाळीव जनावर अडकलं आणि जीव जातोय असं दिसलं तर चादर उपयोगी पडते. मागून जाऊन डोक्यावर टाका, डोळे झाकले की ते बरंचसं शांत होतं. एकाने चादरीवरून मान आणि खांदा दाबून धरायचा, दुसऱ्याने तार जनावराकडे ढकलून ताण सैल करायचा, मग वळशाखाली बोट सरकवून पक्कडीने वळसाच कापायचा. ओढायची नाही. जखम बाहेरून छोटी दिसली तरी पशुवैद्याकडे न्या, आणि तार व जागा वनखात्याला कळवाच.

ज्या वस्तूंपासून लांबच राहायचं

जमिनीलगत, फूट-दीड फूट उंचीवर, खुंट्यांच्या रांगेवरून नेलेली बारीक तार दिसली, खुंट्यांवर बाटल्या किंवा प्लॅस्टिकच्या नळीचे तुकडे दिसले, तर ती फासकी नाही. ती वीज सोडायची तार आहे. संध्याकाळी वरच्या लाइनवर आकडा टाकतात, पहाटे काढतात. दिवसा ती मेलेली वाटते, पण आकडा राहून गेला असेल तर तुम्हीच जाल. विदर्भात अशा तारांनी कितीतरी वाघ नेले. २०१७ मध्ये नागभीडजवळ श्रीनिवास हा वाघ शेताच्या वीजभारित कुंपणाला लागून मेला. माणसंही मरतात, बऱ्याचदा पहाटे शेतावर जाणारा शेजारी. अशी तार दिसली की तिथेच थांबा, पावलं न उचलता पाय घासत मागे या, ओली जमीन असेल तर जास्तच जपून. महावितरणला १९१२ वर आणि वनखात्याला १९२६ वर कळवा. काठीने सुद्धा शिवू नका.

दुसरी वस्तू म्हणजे गावठी बॉम्ब. लिंबाएवढा किंवा थोडा मोठा गोळा, दोऱ्याने गुंडाळलेला, वरून पीठ, चरबी किंवा कोंबडीची आतडी लावलेली. डुक्कर चावलं की जबडा उडतो. गाय चावली तरी तेच. दिसला तर मुलांना लांब करा आणि ११२ ला फोन लावा.

लोखंडी जबड्याचा सापळा आमच्या भागात क्वचितच, विदर्भात त्याची भीती जास्त. तो पाचोळ्याखाली पुरलेला असतो, साखळी तेवढी कधीतरी उघडी दिसते. म्हणूनच म्हटलं, काठी पुढे आणि पाय मागे.

उलट, झाडाला गुडघ्याच्या उंचीवर पट्ट्याने बांधलेला छोटा डबा दिसला, बऱ्याचदा वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर, तर तो कॅमेरा आहे. २००६ पासून दर चार वर्षांनी देशभर वाघांची मोजणी होते, त्यात हे कॅमेरे लावतात. शिवाय संशोधक लावतात, वनखातंही लावतं. बेवारस वाटला म्हणून उचलू नका, झाकू नका, सरळ पुढे चालू लागा. वर्षभराच्या अभ्यासातला एक कॅमेरा चोरीला गेला की त्या जागेची सगळी माहिती जाते.

शेतकऱ्यांशी बोलताना

एका रात्रीत डुकरांचा कळप अर्धा एकर भात लोळवतो. ज्याने सकाळी बांधावर उभं राहून ते पाहिलं आहे, त्याला "प्राणी वाचवा" सांगून काही होत नाही. मी आधी नुकसान बघायला जातो. पीक नुकसानीच्या भरपाईसाठी तीन दिवसांच्या आत जवळच्या वनरक्षकाकडे किंवा वनपालाकडे अर्ज द्यावा लागतो. कितीतरी जणांना ही मुदतच माहीत नसते आणि आठवड्याने गेल्यावर हात हलवत परत येतात. मी अर्ज लिहून देतो, फोटो काढून देतो. वारंवार त्रास देणाऱ्या डुकरांबाबत वनक्षेत्रपालांकडे रीतसर अर्ज करायची सोय आहे. सौर कुंपणाला अनुदान मिळतं का, तेही वनपालाकडे विचारून घ्या. सौर कुंपण थांबून थांबून झटका देतं, जनावर मागे फिरतं, मरत नाही.

हे सगळं झाल्यावर मी विचारतो, "तार आहे का लावलेली?" बहुतेक जण नाही म्हणतात. त्यांना मी फक्त एवढं सांगतो की तुमच्या शेताच्या कडेला काही सापडलं तर पहिलं तुमच्याच घरी येतील, तेव्हा आजच एक फेरी मारून बघा. दुसऱ्या दिवशी त्या गडग्यावरून गेलो की फट मोकळी दिसते. नाव विचारत नाही.

एकदा तार काढलेल्या जागेवर पंधरा दिवसांनी परत जा, आणि त्यानंतर महिन्याने. जनावराची वाट बदललेली नसते, त्यामुळे दुसरी तार तिथेच येते. त्या मादीच्या फटीत पुढच्या चार वर्षांत मला आणखी दोन तारा सापडल्या. शेवटी त्याच शेतकऱ्याला आणि त्याच्या मुलाला सोबत घेऊन मी ती फट चिरे रचून बुजवली, मातीने लिंपली. डुकरांनी महिनाभरात दहा पावलं वरच्या बाजूला नवी फट पाडली. आता मी तिथे बघतो.